नॉर्बर्ट वीनर

नॉर्बर्ट वीनर (२६ नोव्हेंबर १८९४, कोलंबिया, मिसूरी – १८ मार्च १९६४, स्टॉकहोम) हे अमेरिकन गणितज्ञ, तत्त्वचिंतक आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या संस्थेत चार दशके अध्यापन केलेले प्राध्यापक होते. सायबरनेटिक्स या विद्याशाखेचे ते प्रवर्तक मानले जातात. अनुभवातून शिकणारी यंत्रे प्रत्यक्षात येऊ लागली, त्या काळात अशा यंत्रांवर कोणते काम सोपवावे, कोणते सोपवू नये आणि त्यांच्या निर्णयांची जबाबदारी कोणी घ्यावी, हे प्रश्न त्यांनी जाहीरपणे आणि सातत्याने मांडले. शिक्षणक्षेत्रात आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतिशास्त्राची जी चर्चा चालते, तिच्यातील अनेक मुद्दे त्यांच्या १९४७ ते १९६४ या काळातील लेखनात आढळतात. वीनर यांचे स्वतःचे बालपण एका कठोर शैक्षणिक प्रयोगात गेले होते. त्यांच्या पुढील विचारांचा मागोवा घेताना ही बाब नजरेआड करता येत नाही.

कुटुंब आणि बालपण

वीनर यांचे वडील लिओ वीनर यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील बियालिस्टॉक या गावी ज्यू कुटुंबात झाला. टॉलस्टॉयच्या विचारांनी भारावलेले लिओ १८८२ मध्ये अमेरिकेत आले ते मध्य अमेरिकेत एक शाकाहारी आदर्श वसाहत उभारण्याच्या कल्पनेने. ती कल्पना लवकरच विरली. शाकाहार मात्र घरात टिकून राहिला आणि नॉर्बर्ट यांनीही तो आयुष्यभर पाळला. लिओ यांना अनेक भाषा अवगत होत्या. पुढे ते हार्वर्ड विद्यापीठात स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक झाले आणि टॉलस्टॉयच्या साहित्याचा २४ खंडांचा इंग्रजी अनुवाद त्यांनी सिद्ध केला. आईचे नाव बर्था कान. आईवडिलांनी आपले ज्यू मूळ मुलांपासून दडवून ठेवले होते. नॉर्बर्ट यांना ते किशोरवयात कळले आणि त्याचा त्यांना मोठा धक्का बसला.

नॉर्बर्ट यांना सातव्या वर्षी शाळेत घातले, तेव्हा त्यांचे वाचन वयाच्या कितीतरी पुढे होते. साध्या अंकगणितात मात्र ते अडखळत आणि बोटांवर मोजत. हा मंदपणा नसून कंटाळा आहे, असा निष्कर्ष काढून लिओ यांनी त्यांना शाळेतून काढले आणि घरी थेट बीजगणित शिकवायला सुरुवात केली. हे शिकवणे प्रेमळ स्वरात सुरू होई, परंतु पहिली चूक होताच वडिलांचा आवाज चढे. अनेकदा लिओ आपले लेखन चालू ठेवून अर्ध्या कानाने धडा ऐकत, तरीही एकही चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मुलाच्या चुका जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांसमोर सांगितल्या जात, याची बोच वीनर यांनी उतारवयातील आत्मचरित्रातही नोंदवली आहे. आठव्या वर्षी दृष्टी झपाट्याने अधू होऊ लागल्याने डॉक्टरांनी सहा महिने वाचनावर बंदी घातली. त्या काळात धडे तोंडी चालत आणि गणिते मनातल्या मनात सोडवावी लागत. त्यांची विलक्षण स्मरणशक्ती या सक्तीच्या विश्रांतीत घडली, असे ते स्वतः मानत.

नवव्या वर्षी ते एअर येथील माध्यमिक शाळेत दाखल झाले. वर्गातील मुले त्यांच्यापेक्षा बरीच मोठी होती. दहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी मानवी ज्ञान सदैव अपूर्णच असते, असे प्रतिपादन करणारा अज्ञानाचा सिद्धान्त या आशयाचा एक निबंध लिहिला. १९०६ मध्ये शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन ते टफ्ट्स कॉलेजात गेले, तेव्हा त्यांना बारावे वर्षही पुरे झाले नव्हते. वर्तमानपत्रांनी त्यांची दखल घेतली आणि जगातील सर्वांत अद्भुत मुलगा अशी प्रसिद्धी त्यांच्या वाट्याला आली.

या प्रसिद्धीची दुसरी बाजू १९११ मध्ये पुढे आली. आपली मुले जन्मतः असामान्य नाहीत, त्यांचे यश हे आपल्या शिक्षणपद्धतीचे फळ आहे, अशी लिओ यांची भूमिका एका मासिकात छापून आली. नॉर्बर्ट यांनी ती वाचली. यश आले तर ते वडिलांचे आणि अपयश आले तर ते आपले, असा तिचा अर्थ त्यांना लागला आणि पुढे कित्येक वर्षे त्या ओझ्यातून त्यांची सुटका झाली नाही. नैराश्याचे झटके त्यांना आयुष्यभर येत राहिले. १९०९ साली हार्वर्डमध्ये त्यांच्याबरोबर आणखी काही अल्पवयीन विद्यार्थी होते. त्यांतील विल्यम जेम्स सिडिस हा अकरा वर्षांचा मुलगा पुढे गणितापासून, विद्यापीठापासून आणि आईवडिलांपासूनही दुरावला व १९४४ मध्ये एकाकी अवस्थेत वारला. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एक्स-प्रॉडिजी’ या आत्मचरित्राच्या पहिल्या भागात वीनर यांनी सिडिसविषयी सहानुभूतीने लिहिले आहे. मुलावर शिक्षणाचा प्रयोग करताना त्या मुलाला काय हवे आहे हे कोणी विचारत नाही, हा त्या पुस्तकाचा अंतःप्रवाह आहे.

उच्च शिक्षण

टफ्ट्स येथून १९०९ मध्ये गणितातील पदवी घेतल्यावर वीनर यांनी हार्वर्डमध्ये प्राणिशास्त्राचा अभ्यास सुरू केला. अधू दृष्टी आणि अस्थिर हात यांमुळे प्रयोगशाळेतील काम त्यांना जमले नाही. वर्षभर कॉर्नेल विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकून ते हार्वर्डला परतले आणि १९१३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, गणिती तर्कशास्त्रावरील प्रबंधासाठी त्यांना पीएच.डी. मिळाली. त्यानंतर इंग्लंडमधील केंब्रिज येथे ते बर्ट्रंड रसेल यांच्याकडे शिकले. केवळ तर्कशास्त्रावर न थांबता खरे गणित शिकावे आणि आइन्स्टाइन यांचे १९०५ मधील शोधनिबंध वाचावेत, असा सल्ला रसेल यांनी दिला. तो वीनर यांनी मानला, आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. गणितात जी. एच. हार्डी यांची व्याख्याने त्यांना विशेष भावली. १९१४ मध्ये गटिंगेन येथे त्यांनी हिल्बर्ट आणि हुसर्ल यांची व्याख्याने ऐकली.

पुढची पाच वर्षे भटकंतीची होती. या काळात त्यांनी मेन विद्यापीठात अध्यापन, एका विश्वकोशासाठी लेखन, अ‍ॅबर्डीन येथील तोफखाना चाचणी केंद्रात गणिती कोष्टके तयार करण्याचे काम आणि काही काळ बॉस्टनच्या वृत्तपत्रात पत्रकारिता असे नाना उद्योग केले.

एमआयटीतील अध्यापन आणि गणिती कार्य

१९१९ मध्ये वीनर एमआयटीत अध्यापक म्हणून रुजू झाले. तेव्हा तेथील गणित विभागाकडे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना गणित शिकवणारा पूरक विभाग एवढ्याच दृष्टीने पाहिले जाई. वीनर यांच्या कारकिर्दीत ते चित्र बदलले. द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या वेड्यावाकड्या हालचालीला, म्हणजे ब्राउनीय गतीला, त्यांनी १९२० नंतरच्या काही वर्षांत काटेकोर गणिती रूप दिले. ते आज वीनर प्रक्रिया या नावाने ओळखले जाते आणि संभाव्यताशास्त्रापासून वित्तव्यवहारापर्यंत सर्वत्र वापरले जाते. १९३० मधील व्यापक हरात्मक विश्लेषण आणि १९३२ मधील टाउबेरीय प्रमेये ही त्यांची अन्य महत्त्वाची कामे होत. १९३३ मध्ये त्यांना बोखर पारितोषिक मिळाले. १९२६ मध्ये त्यांचा विवाह मार्गारेट एंगेमान यांच्याशी झाला; त्यांना बार्बरा आणि पेगी या दोन मुली झाल्या.

वर्गातील शिक्षक म्हणून वीनर यांचा लौकिक फारसा चांगला नव्हता. फळ्याकडे तोंड करून ते मनातल्या मनात पायऱ्या गाळत आणि शेवटी केवळ उत्तर लिहून मोकळे होत. त्यांच्या विसरभोळेपणाच्या असंख्य दंतकथा एमआयटीत प्रचलित आहेत. त्यांतील बहुतेक कोणत्याही प्राध्यापकाच्या नावावर खपतील अशाच आहेत. प्रत्यक्ष मार्गदर्शक म्हणून मात्र त्यांचे वागणे निराळे होते. नॉर्मन लेव्हिन्सन हा विद्युत अभियांत्रिकीचा विद्यार्थी त्यांच्या वर्गाला बसू लागला, तेव्हा वीनर यांनी आपल्या अप्रकाशित पुस्तकाचे हस्तलिखित त्याच्या हाती दिले. लेव्हिन्सनला एका सिद्धतेत उणीव आढळली आणि ती भरून काढणारे एक उपप्रमेय त्याने सिद्ध केले. वीनर यांनी स्वतः टंकलेखन यंत्रावर ते उतरवून काढले, त्याखाली लेव्हिन्सनचे नाव घातले आणि नियतकालिकाकडे पाठवून दिले. ज्यांच्या बालपणीच्या यशाचे श्रेय वडिलांच्या पदरात पडले होते, त्यांनी विद्यार्थ्याच्या श्रेयाबाबत दाखवलेली ही दक्षता उल्लेखनीय आहे. लेव्हिन्सन पुढे नामांकित गणितज्ञ झाले. जपानचे शिकाओ इकेहारा व चीनचे युक-विंग ली हे त्यांचे अन्य विद्यार्थी. ली यांच्या निमंत्रणावरून वीनर यांनी १९३५-३६ मध्ये पेकिंगच्या चिंग्हुआ विद्यापीठात अध्यापन केले. ध्वनियंत्रणेसाठी प्रसिद्ध असलेले अमर बोस हे बंगाली वंशाचे अमेरिकन अभियंताही त्यांच्या मार्गदर्शनाखाली घडले. नाझी राजवटीतून परागंदा झालेल्या विद्वानांना अमेरिकेत नोकऱ्या मिळवून देण्यासाठी वीनर यांनी मोठी खटपट केली.

युद्धकार्य आणि सायबरनेटिक्स

दुसऱ्या महायुद्धात वीनर यांनी ज्युलियन बिगेलो यांच्यासमवेत विमानविरोधी तोफांच्या नेमबाजीचा प्रश्न हाती घेतला. गोळा वर पोहोचेपर्यंत विमान पुढे गेलेले असते. त्यामुळे ते कोठे असेल याचा अंदाज आधीच बांधावा लागतो. वैमानिक आणि तोफची हे दोघेही आपल्या चुकीवरून पुढची हालचाल सुधारत असतात, ही गोष्ट वीनर यांच्या लक्षात आली. कृतीचा परिणाम पुन्हा कर्त्याकडे माहितीच्या रूपाने येणे आणि त्यानुसार पुढची कृती बदलणे, या फीडबॅकच्या तत्त्वाने यंत्र आणि सजीव दोघांचेही वर्तन समजावून घेता येईल, असे त्यांना वाटले. अंदाज बांधणारे त्यांचे यंत्र युद्धात वापरले गेले नाही. त्यामागचे १९४२ मधील गणित मात्र वीनर गाळणी या नावाने संदेशवहनशास्त्राचा पाया ठरले. रशियात कोल्मोगोरोव्ह यांनीही स्वतंत्रपणे हेच गणित विकसित केले होते.

मेक्सिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्तुरो रोझेनब्लूएथ, बिगेलो आणि वीनर यांचा हेतुपूर्ण वर्तनावरील निबंध १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४८ मध्ये आलेल्या ‘सायबरनेटिक्स’ या ग्रंथाने नव्या शास्त्राला नाव दिले. सुकाणू धरणारा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव घेतले आहे. पानोपानी अवघड समीकरणे असूनही हे पुस्तक मोठ्या प्रमाणावर खपले. सोव्हिएत संघात आरंभी या शास्त्राची भांडवलशाहीचे छद्मविज्ञान म्हणून संभावना झाली; काही वर्षांतच तेथे त्याचा उत्साहाने स्वीकार झाला आणि १९६० मध्ये वीनर यांचे मॉस्कोत स्वागत झाले.

नैतिक भूमिका

हिरोशिमा आणि नागासाकीवरील अणुबाँबनंतर वीनर अस्वस्थ झाले. १९४६ च्या अखेरीस बोइंग या विमान कंपनीतील एका संशोधकाने त्यांच्याकडे युद्धकाळातील अहवालाची प्रत मागितली. ती क्षेपणास्त्रांच्या नियंत्रणासाठी हवी होती. वीनर यांनी नकार दिला आणि नकाराचे पत्र ‘अटलांटिक मंथली’च्या जानेवारी १९४७ च्या अंकात प्रसिद्ध झाले. शास्त्रज्ञाने दिलेली माहिती ही निरुपद्रवी वस्तू नसते, ती कोणाच्या हाती जाते याचा विचार करणे हे त्याचे कर्तव्य आहे, आणि बेजबाबदार लष्करी हातांत पडून हानी करील असे काम आपण यापुढे प्रसिद्ध करणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. आइन्स्टाइन यांनी या भूमिकेचे जाहीर कौतुक केले. त्याच महिन्यात हार्वर्डमध्ये नौदलाच्या साहाय्याने भरलेल्या गणकयंत्रविषयक परिषदेतूनही वीनर यांनी अंग काढून घेतले. पुढे त्यांनी सरकारी लष्करी निधी घेतला नाही. अमेरिकन गुप्तचर यंत्रणा एफबीआयने त्यांच्यावर दीर्घकाळ नजर ठेवली होती.

१३ ऑगस्ट १९४९ रोजी त्यांनी मोटार कामगार संघटनेचे अध्यक्ष वॉल्टर रॉयथर यांना पत्र लिहिले. एका उद्योगाने स्वयंचलित कारखान्याबाबत आपला सल्ला मागितला असून आपण तो नाकारला आहे. परंतु आपण नाकारल्याने हे तंत्र येण्याचे थांबणार नाही. दहा-वीस वर्षांत जुळणीच्या कामात माणसांची गरज उरणार नाही, तेव्हा संघटनेने आताच तयारी करावी, असे त्यात लिहिले होते. रॉयथर यांनी तारेने उत्तर दिले व पुढे दोघांची भेटही झाली. शास्त्रज्ञ आणि कामगार यांच्या संयुक्त मंडळाची कल्पना निघाली, पण तिच्यातून फारसे काही निष्पन्न झाले नाही. गणिताच्या प्राध्यापकाने कामगार पुढाऱ्याकडे स्वतःहून जावे, हे त्या काळात अपूर्वच होते.

शिकणारी यंत्रे

आयबीएममधील अभियंता आर्थर सॅम्युअल यांनी चेकर्स हा पटावरील खेळ खेळणारा संगणकीय कार्यक्रम तयार केला होता. काही तासांच्या सरावानंतर तो स्वतः सॅम्युअल यांनाच हरवू लागला. वीनर यांनी ६ मे १९६० च्या ‘सायन्स’ साप्ताहिकातील लेखात या उदाहरणावर विचार केला. यंत्रात माणसाने घातले तेवढेच त्यातून बाहेर येते, हा समज त्यांनी खोडून काढला. शिकणारे यंत्र आपल्या निर्मात्याला न सुचलेल्या चाली शोधू शकते. ते माणसापेक्षा इतके वेगवान असते, की त्याने काय चालवले आहे हे आपल्याला उमगेपर्यंत परिणाम घडून गेलेला असण्याचा संभव आहे. म्हणून यंत्राला दिलेले उद्दिष्ट हेच आपले खरे उद्दिष्ट आहे, की त्याची केवळ एक सोयीस्कर प्रतिमा आहे, याची आधीच खात्री करून घेतली पाहिजे, असे त्यांनी बजावले.

हा मुद्दा पटवण्यासाठी ते लोककथांचा आधार घेत. मंत्र सुरू करता येतो पण थांबवता येत नाही अशा जादूगाराच्या शिष्याची गोष्ट त्यांच्या आवडीची होती. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांच्या माकडाच्या पंजाच्या कथेत बाप दोनशे पौंड मागतो आणि ते त्याला मिळतात ते कारखान्यात मृत्यू पावलेल्या मुलाची भरपाई म्हणून. यंत्र हे या पंजासारखे शब्दशः वागते, असा त्यांचा इशारा होता. सॅम्युअल यांनी त्याच साप्ताहिकात सप्टेंबर १९६० मध्ये उत्तर देऊन, यंत्राला स्वतःची इच्छा नसते आणि ते माणसाच्या सूचनांपलीकडे जात नाही, असे प्रतिपादन केले. वीनर यांचा मुद्दा मात्र यंत्राच्या इच्छेविषयी नव्हताच. सूचना देणाऱ्या माणसाने आपल्याला काय हवे आहे याचा पुरता विचार केलेला असतो का, हा होता. त्यामुळे हा वाद एकमेकांना बगल देऊनच संपला असे म्हणावे लागते.

‘गॉड अँड गोलेम’ (१९६४) या अखेरच्या छोटेखानी पुस्तकात त्यांनी यंत्रपूजकांची मानसिकता तपासली. वेग आणि अचूकपणा यांच्या आकर्षणाबरोबर आणखी एक हेतू त्यांना दिसला. कठीण निर्णयाची वैयक्तिक जबाबदारी टाळण्यासाठी माणूस ती दैवावर, वरिष्ठांवर किंवा निःपक्षपाती भासणाऱ्या पण आपल्याला पूर्णपणे न कळणाऱ्या यंत्रावर ढकलतो. गोळ्या घालणाऱ्या शिपायांच्या तुकडीत एकाच्या बंदुकीत पोकळ काडतूस भरतात, ते प्रत्येकाला आपण निर्दोष आहोत असे मानता यावे म्हणून. यंत्राचा वापर असा होऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. ते यंत्रविरोधक मुळीच नव्हते. बहिऱ्यांना स्पर्शातून बोलणे समजावे यासाठी हातमोज्यासारखे उपकरण आणि स्नायूंच्या विद्युतसंदेशांवर चालणारा कृत्रिम हात या प्रकल्पांत त्यांनी आस्थेने लक्ष घातले. माणसाचे काम माणसाकडे आणि यंत्राचे यंत्राकडे ठेवावे, आणि यंत्रे दुभाषाचे किंवा रोगनिदानाचे काम करू लागली तरी तज्ज्ञ माणसाची नजर त्या साखळीत असावी, ही त्यांची भूमिका होती.

१९५६ मध्ये डार्टमथ येथे झालेल्या बैठकीतून कृत्रिम बुद्धिमत्ता हे नाव रूढ झाले, त्या वेळी वीनर तेथे नव्हते. नाव सुचवणारे जॉन मॅकार्थी यांनी पुढे मान्य केले, की सायबरनेटिक्सशी आणि पर्यायाने वीनर यांच्याशी संबंध जोडला जाऊ नये, हेही नवे नाव योजण्यामागचे एक कारण होते. वीनर यांना गुरू मानणे किंवा त्यांच्याशी वाद घालणे, दोन्ही मॅकार्थी यांना नको होते. नव्या शाखेने अशा रीतीने एक अडचणीचा सहकारी टाळला. त्याच्याबरोबर त्याने उपस्थित केलेले नैतिक प्रश्नही काही दशके मागे पडले. वॉरन मॅक्युलक आणि वॉल्टर पिट्स या निकटच्या सहकाऱ्यांशी वीनर यांनी त्याआधीच, १९५० नंतर लवकरच, संबंध तोडले होते. त्यामुळेही त्यांचे एकटेपण वाढले.

शिक्षणविषयक विचार

‘द ह्यूमन यूज ऑफ ह्यूमन बीइंग्ज’ (१९५०, सुधारित आवृत्ती १९५४) हे सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेले पुस्तक वीनर यांच्या शिक्षणविचाराचा मुख्य आधार आहे. मुंगीचे वर्तन तिच्या शरीररचनेतच ठरून गेलेले असते; माणसाचे बालपण मात्र प्राण्यांमध्ये अतिशय दीर्घ असते आणि ते शिकण्यासाठीच असते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. माणसाला ठरावीक आज्ञा पाळणारा घटक बनवणारी समाजरचना ही मुंग्यांच्या वारुळाची नक्कल असून, ती माणसाच्या मुख्य क्षमतेचा अपव्यय करते. ज्या कामाला मेंदूचा दशलक्षांशही लागत नाही, त्याला माणसाला जुंपणे त्यांना अपमानास्पद वाटे. म्हणूनच कंटाळवाणे काम यंत्राने केले तर त्यांची हरकत नव्हती. मोकळ्या झालेल्या माणसाचे पुढे काय, याचे उत्तर समाजाकडे नसणे त्यांना धोक्याचे वाटे.

विद्यापीठांवरील त्यांची टीका तिखट आहे. सांगण्यासारखे काही असल्यावाचून केवळ पदवीसाठी प्रबंध लिहिले जातात, लेखनाचे बाह्यरूप आशयापेक्षा वरचढ ठरते आणि तरुण संशोधक मोठ्या प्रकल्पातील एक चाक बनून राहतो, अशी त्यांची तक्रार होती. त्यांच्या दृष्टीने शिकणे म्हणजे फीडबॅक स्वीकारून स्वतःला बदलणे होय. चूक ही त्यातील आवश्यक माहिती असते, अपराध नव्हे. लिओ वीनर यांच्या टेबलापाशी बसलेल्या मुलाला हे कोणी सांगितले नव्हते.

भारताशी संबंध

गोव्यात जन्मलेले गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी हे १९२० च्या दशकात हार्वर्डमध्ये शिकत असताना त्यांचा वीनर यांच्याशी परिचय झाला होता. वीनर १९५४ च्या आरंभी हैदराबाद येथे भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेससाठी भारतात आले. १९५५-५६ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये अभ्यागत प्राध्यापक होते. ‘आय अ‍ॅम अ मॅथेमॅटिशियन’ (१९५६) या आत्मचरित्राच्या दुसऱ्या भागात भारतभेटीचा वृत्तान्त आहे. पाश्चात्त्य देशांत पहिल्या औद्योगिक क्रांतीने कामगारांची जी दैना केली, ती टाळून भारताला स्वयंचलित उत्पादनाकडे वळता येईल, असे त्यांना वाटे. त्यासाठी मोजक्या उच्चविद्याविभूषित शास्त्रज्ञांबरोबर कुशल मधल्या फळीतील तंत्रज्ञ मोठ्या संख्येने शिकवून तयार करावे लागतील, यावर त्यांचा भर होता.

निधन आणि सन्मान

१९६० मध्ये वीनर एमआयटीतून निवृत्त झाले. जानेवारी १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या हस्ते त्यांना नॅशनल मेडल ऑफ सायन्स हा सन्मान मिळाला. दोनच महिन्यांनी, १८ मार्च १९६४ रोजी, स्टॉकहोमच्या दौऱ्यात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. न्यू हॅम्पशायर राज्यातील सँडविच येथे त्यांचे दफन झाले. ‘गॉड अँड गोलेम’ला १९६५ मध्ये मरणोत्तर नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले. उपयोजित गणितासाठी १९६७ पासून त्यांच्या नावाचे पारितोषिक आहे; चंद्राच्या पलीकडील बाजूच्या एका विवरालाही त्यांचे नाव दिलेले आहे.

नंतरच्या चर्चेतील स्थान

एमआयटीतीलच प्राध्यापक जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये एलायझा हा संभाषण करणारा संगणकीय कार्यक्रम प्रसिद्ध केला. लोक त्याच्याशी मन मोकळे करू लागल्याचे पाहून ते धास्तावले आणि १९७६ मधील पुस्तकात त्यांनी, यंत्राला जमते म्हणून प्रत्येक निर्णय त्याच्यावर सोपवावा काय, हा प्रश्न विचारला. एकविसाव्या शतकात संगणकशास्त्रज्ञ स्टुअर्ट रसेल यांनी यंत्राची उद्दिष्टे मानवी हिताशी जुळवण्याच्या समस्येची चर्चा करताना वीनर यांच्या १९६० मधील लेखाचा आवर्जून हवाला दिला आहे. युनेस्कोने नोव्हेंबर २०२१ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतिशास्त्राविषयीची शिफारस स्वीकारली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण व संशोधनातील जनरेटिव्ह कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मार्गदर्शिका काढली. मानवी देखरेख आणि उत्तरदायित्व हे या दस्तऐवजांतील प्रमुख आग्रह आहेत.

वीनर यांनी वर्तवलेला धोका शिक्षणात कसा उतरतो, याचे उदाहरण म्हणून इंग्लंडमधील २०२० च्या ए-लेव्हल निकालांकडे पाहता येते. करोनामुळे परीक्षा रद्द झाल्यावर ऑफक्वाल या नियामक संस्थेने शाळांचे मागील वर्षांचे निकाल आणि शिक्षकांनी लावलेला विद्यार्थ्यांचा क्रम यांच्या आधारे संख्याशास्त्रीय पद्धतीने श्रेणी ठरवल्या. ही पद्धत काही शिकणारे यंत्र नव्हती, परंतु तिला दिलेले उद्दिष्ट एकूण निकाल फुगू नयेत हे होते; एखाद्या विद्यार्थ्याने प्रत्यक्षात काय आत्मसात केले आहे, हे तिला कळण्याचा मार्गच नव्हता. १३ ऑगस्टला निकाल लागले, तेव्हा जवळपास ४० टक्के श्रेणी शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आल्या होत्या. मागील निकाल कमी असलेल्या शाळांतील हुशार मुलांना याचा फटका बसला, तर फार लहान वर्गांना शिक्षकांनी दिलेल्या श्रेणीच मिळाल्या आणि त्याचा लाभ खासगी शाळांना अधिक झाला. विद्यार्थी रस्त्यावर उतरले. १७ ऑगस्टला शिक्षकांच्या श्रेणी ग्राह्य धरण्याचा निर्णय झाला आणि २५ ऑगस्टला ऑफक्वालच्या प्रमुख सॅली कॉलियर पदावरून पायउतार झाल्या. दुसऱ्या दिवशी एका शाळेत विद्यार्थ्यांसमोर बोलताना पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी या गोंधळाचा दोष बिघडलेल्या अल्गोरिदमवर टाकला.